नमद्याखालची होडी

१८ मार्च २००९

फुलल्या! मॅग्नेशियमच्या पट्ट्या एका रात्रीत फुलल्या! काल नुसत्या धुरकट होत्या, आज अंगभर पांढरी लव. बोट लावलं की भुरुभुरु खाली. शेजारच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मात्र शहाण्या मुलींसारख्या गप्प उभ्या.

इतकी वर्षं हे आवार सांभाळते. गावाच्या टोकाला कुंपण, आत लाकडी मांडण्या, मांडण्यांवर उन्हाकडे तोंड करून बांधलेल्या हलक्या धातूंच्या पट्ट्या. विमानांचे धातू, होड्यांचे, यंत्रांचे. ऊन, वारा, मीठ, काय यायचं ते येऊ दे. आपण बघत राहायचं आणि झीज किती झाली ते शहरातल्या संस्थेला कळवायचं. बायका विचारतात, काय गं करतेस तिथे दिवसभर? मी सांगते, धातू वाळत घातलेत! पण असं काही दिसलं की अजूनही श्वास अडकतो. काल रात्री मी झोपले होते तेव्हा इथे केवढं काय काय चाललं असेल!

पूर्वी मॅग्नेशियमसुद्धा इथे अख्खा हिवाळा जसंच्या तसं राहायचं. चार वर्षांपूर्वी बांध झाला, अराल समुद्राचं पाणी परत वर चढायला लागलं, आणि तेव्हापासून माझ्या पट्ट्यांचा नूरच बदलला.

घरी आले तर सासरे दारातच. "बर्फ सुटलं का?" मी आवारातून येते, किनाऱ्यावरून नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी रोज विचारतात. बर्फ सुटलं की होडी पाण्यात घालायची. स्वतःची होडी – शागाला. त्या पांढऱ्या समुद्रपाखराचंच नाव ठेवलंय तिला. समुद्र गाव सोडून गेला तेव्हापासून ती अंगणात झाकलेली आहे. एकदा तिच्यात बसून खोल पाण्यावर जायचं. बाकी काही मागणं नाही त्यांचं.

डॉक्टरांनी धाकट्या दिरांना बाजूला घेऊन सांगितलंय – हृदय थकलंय, पुढचा वसंत धरू नका.

२० मार्च

जाऊ मेरुएर्त म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या ह्यांना हसरे भावजी म्हणता, पण हल्ली हसतात कुठे?"

खरं आहे. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मीच ठेवलं ते नाव. सासरच्या पुरुषांची खरी नावं सुनेने घ्यायची नाहीत, मग जिची तिने सुचतील ती ठेवायची. मेरुएर्तने माझ्या ह्यांना 'उंच दादा' केलं होतं. कागदावरसुद्धा खरं नाव लिहायला हात उचलत नाही. कोण वाचणार आहे? तरी नाही. हे गेले त्याला सहा वर्षं झाली, ह्यांचं नाव मी एकदाही लिहिलेलं नाही. मामंजींचंही नाही.

२२ मार्च

नौरोज, नव्या वर्षाचा सण. सकाळपासून मोठ्या कढईत सणाचं सूप, घरभर वाफ. शेजारचे ओतेगेन आले नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी. ते आणि मामंजी एकाच वयाचे, म्हणून त्यांनी एकमेकांना काहीही बोलावं, राग कुणी धरायचा नाही अशी रीतच आहे. दोघं त्या रितीचा पुरेपूर फायदा घेतात!

"काय रे, नवरीचा घुंगट कधी काढतोस?" ओतेगेन अंगणात लोकरीचा जाड नमदा गुंडाळलेल्या होडीकडे बघत म्हणाले. "म्हातारी झाली असेल आतल्या आत."

"तुझी काय झालीय ते बघ. खुराडं! तिच्यात कोंबड्या अंडी घालतात."

"मग? तुझी तर अंडीही देत नाही."

मेरुएर्तच्या हातून पळी पडली हसता हसता. ओतेगेनची होडी त्यांच्या घरामागे उघडीच पडलेली आहे, तोंड वर करून. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून आलेल्या या दोन्ही ॲल्युमिनियमच्या होड्या. समुद्र गेला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या झाकल्या किंवा विकल्या. ओतेगेननी काहीच केलं नाही. "आळस केला," असं ते स्वतःच सांगतात, छाती काढून.

मामंजी आज दोन वाट्या जेवले.

२३ मार्च

धुळीचं वादळ. दात खारट.

२९ मार्च

उजाडायच्या वेळी भिंग घेऊन आवारात गेले होते. हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला ते बघायचं असतं – मीठ पाणी पितं ते.

वादळाने कोरड्या समुद्रतळावरून पट्ट्यांवर मिठाची पूड आणून टाकली होती. कोरडं मीठ काहीच करत नाही. कोरड्या हवेत वर्षानुवर्षं पडून राहील, धातूला ओरखडासुद्धा नाही. पण पहाटे हवेत जरा ओल आली की काय होतं! भिंगाखाली एक कण धरून बसले. आधी त्याचे कोपरे बोथट झाले. मग त्याच्याभोवती चकाकी आली. मग कण दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी पाण्याचा एक इवला थेंब. कुणी ओतला नाही, आभाळातून पडला नाही. मिठाने नुसत्या हवेतून ओढून घेतला!

आणि त्या थेंबाखाली धातू जागा होतो. ॲल्युमिनियमवर मुळात एक साय असते, डोळ्याला न दिसणारी. खरवडली तरी हवा लागताच नवी धरते, पापणी लवायच्या आत. हीच त्याची ढाल. मीठ त्या सायीत एखादी फट शोधतं. एकच. मग आत शिरून खणत जातं, खोल, बारीक, आणि वर पांढऱ्या भुकटीचं बोंड ठेवतं. इतकं शांतपणे! ऊन चढलं की थेंब सुकतो, सगळं थांबतं. दुसऱ्या पहाटे पुन्हा.

समुद्र दूर होता तेव्हा इथल्या पहाटा कोरड्या ठक्क असायच्या. मीठ होतं, पण प्यायला पाणी नव्हतं. झोपलेलं होतं ते. पाणी परत येतंय हे गावात कुणी बोलायच्या आधी माझ्या पट्ट्यांवर थेंब दिसायला लागले होते. मला तेव्हा कळलंच नाही ते काय आहे! वाटलं, माझं वजन करायचं यंत्र बिघडलं.

सगळ्यात आधी या पट्ट्यांना कळलं समुद्र येतोय ते.

१ एप्रिल

किनाऱ्याजवळचं बर्फ काळं पडलंय, असं ओतेगेन सांगून गेले. मामंजींनी मिशी कातरून घेतली!

३ एप्रिल

नमदा रविवारी काढायचा ठरलं.

आज त्याच्या कडा चाचपल्या. किती ठिकाणी माझे टाके आहेत! सासूबाईंनी हा नमदा केला तेव्हा मी या घरात नव्हते, पण इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटतो. समुद्र बंदरातून मागे सरला त्या शरद ऋतूत घरातल्या सगळ्या मेंढ्यांची लोकर त्यांनी वेगळी ठेवली. तंबूसाठी नाही, नातवंडांच्या बिछान्यासाठी नाही – होडीसाठी! लोकर काठ्यांनी झोडपली, बोरूच्या चटईवर पसरली, वर गरम पाणी शिंपडलं, चटईसकट गुंडाळली आणि गावातल्या बायका गुडघ्यांवर बसून ती गुंडाळी दिवसभर लाटत राहिल्या. मामंजी सांगतात, "तुझी सासू म्हणाली, घोड्याला थंडीत पांघरूण घालतो, हिला नको?" मग होडी पालथी घालून तिच्यावर तो नमदा आवळून बांधला, घोड्याच्या केसांच्या दोरांनी.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला दिलेलं पहिलं काम म्हणजे याच नमद्याची उसवलेली कड शिवणं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "दाट टाके घाल, पोरी. वारा आत जाता कामा नये."

आणि दर वादळानंतर मामंजी काठीने त्याची धूळ झाडत आलेत. दर वेळी. इतक्या मायेने मी माणसांनाही सांभाळलेलं पाहिलं नाही.

५ एप्रिल

काढला!

सगळं गाव अंगणात. दोर सोडायला मामंजींना वेळ लागत होता, हसरे भावजी पुढे झाले तर त्यांना कोपराने ढकललं. नमदा जड झाला होता. चौघांनी ओढला तेव्हा निघाला. आणि खाली – पांढरी! पांढरीशुभ्र! कडेला निळी रेघ, नाव जसंच्या तसं. बायकांनी खडीसाखर आणि गोळ्या उधळल्या, पोरं वेचायला धावली. मामंजी पालथ्या होडीला दोन्ही हात लावून उभे राहिले, घोडीला शांत करतात तसे.

ओतेगेनसुद्धा म्हणाले, "मानलं बाबा. नवरी तरुण आहे."

मी गोळ्या वेचणाऱ्या पोरांना बाजूला करत होते. सहज तळहात टेकला. रंगाखाली पुटकुळ्या. खिळ्यांच्या रांगेने, सगळीकडे. बारीक, तांदळाएवढ्या.

भावजी म्हणाले, "उन्हाने रंग फुगतो, वहिनी. एक हात मारला की झालं."

ऊन? ऊन कुठून लागलं तिला?

नमद्याची आतली बाजू ओली होती.

६ एप्रिल

आज सगळे मशिदीजवळच्या जेवणाला गेले तेव्हा एकटी अंगणात गेले. तळाला बोटांच्या पेरांनी टकटक केलं. काही ठिकाणी ठण्, काही ठिकाणी बद्द. जिथे बद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकलं. जोर लावलाच नाही. नुसतं टेकलं.

आत गेला.

रंग खरवडला. खाली धातू नव्हता – म्हणजे होता, पण पत्रा म्हणून नव्हता. पापुद्रे! एकावर एक, शेकडो, करडे-रुपेरी, फुगून उभे राहिलेले, पाण्यात पडलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे. कारखान्यात हा पत्रा लाटून लाटून केलेला. त्या लाटण्याच्या प्रत्येक थराची वाट धरून मीठ आत गेलंय. बळकटीसाठी यात थोडं तांबं मिसळलेलं असतं, त्यानेच मिठाला आतून साथ दिली. मांडणीवरच्या पट्ट्यांत अशी एवढी मोठी झीज मी कधी पाहिली नव्हती. किती वेळ बघत बसले! भयंकर. आणि सुंदरही होतं ते – लिहायला लाज वाटते पण होतं. वरून एवढी निरोगी, हसरी, आणि आत हे.

मग ओतेगेनच्या घरामागे गेले. कोंबड्या हुसकल्या. तळाला, बाजूंना, खिळ्यांपाशी टकटक केलं. सगळीकडे ठण्! घंटेसारखी. अंगावर डाग, खड्डे, चट्टे, दिसायला महारोग्यासारखी. पण खड्डे वरवरचे. पाऊस पडला धुऊन गेला, वारा आला वाळवून गेला, मीठ बसलं तसं उडालं. कुणी काही केलं नाही म्हणून ती वाचली.

आणि शागालावर मिठाने भिजलेली लोकर घट्ट आवळून ठेवली होती. ते गरम पाणी सासूबाईंनी कुठलं घेतलं असेल? खाऱ्या विहिरीचंच. गोडं पाणी तेव्हा आगगाडीने यायचं, प्यायलाच पुरत नव्हतं. वर तीस वर्षांची धूळ. हवा कोरडी होती तोवर काही बिघडलं नाही, दोघी झोपून राहिल्या, लोकर आणि होडी. मग समुद्र जवळ आला. रोज पहाटे नमदा ओल प्यायला आणि दिवसभर सोडली नाही. ऊन आत जाईना, वारा आत जाईना.

वारा आत जाता कामा नये. माझेच टाके आहेत दाट.

सगळं खाल्लं ते या तीन-चार वर्षांतच. समुद्राने येता येता.

७ एप्रिल

भावजींना सांगितलं. गोठ्यात नेऊन, हळूच. आधी हसले – कितीतरी दिवसांनी. "वहिनी, तुमच्या पट्ट्यांचं वेड घरात आणू नका." मग त्यांना नेऊन दाखवलं. हसू गेलं.

उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "आबांना सांगायचं नाही."

"अहो, पण –"

"पुटकुळ्यांवर लुकण भरतो. डांबर लावतो. गुडघाभर पाण्यात बसवतो, काठाकाठाने घटकाभर फिरवतो, आणतो. त्यांना काय कळणार?"

"त्यांना? गुडघाभर पाणी आणि खोल पाणी त्यांना कळणार नाही?"

"मग काय करू? सांगू, तुम्ही आणि आईने मिळून तिला कुजवलीत? हे ऐकून ते उन्हाळा काढतील?"

दाराआडून मेरुएर्त. केव्हापासून उभी होती कोण जाणे. "गुडघाभर म्हणे! ते एकदा वल्हं हातात घेतलं की थांबणारेत का गुडघाभर पाण्यात? आत चला म्हणतील, आणि तुम्ही नाही म्हणणार आहात? तुम्ही? आजवर कधी म्हणालात? त्या होडीत माझा नवरा बसणारे!"

"तू गप्प बैस."

"नाही बसत."

भावजी माझ्याकडे वळले. "वहिनी, होडी धड आहे की नाही हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. तुम्ही नाही बोललात, तर कुणीच बोललं नाही."

हेच तर.

८ एप्रिल

मामंजींनी वल्ह्यांना तेल लावलं. गाणं गुणगुणत. मला म्हणाले, "सूनबाई, तुझ्या धातूंना सांग, ही त्यांची थोरली बहीण पाण्यात चाललीय."

चहा ओतताना पेला भरून वाहिला. आमच्यात पेला कधी भरून देत नाहीत – भरून दिला म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हटल्यासारखं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

९ एप्रिल

मामंजींना सांगायला गेले, दारापर्यंत. परत आले.

१० एप्रिल

सांगितलं.

दुपारचा चहा. मी समोर बसले. त्यांनीच सुरुवात केली. "परवा पेला भरून दिलास. बोल."

वाटेत ठरवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. एवढंच म्हणाले, "मामंजी, शागाला पाण्यात घालू नका. तिचा तळ गेलाय."

"रंग फुगलाय."

"रंगाखाली काही उरलं नाही."

ते उठले. काठी न घेता अंगणात गेले. मी मागोमाग. मी खरवडलेली जागा मी दाखवायच्या आधी त्यांनीच शोधली. अंगठा टेकला. अंगठा आत गेला, नखापर्यंत. बाहेर काढून त्यांनी त्यावरचे पापुद्रे पाहिले, दोन बोटांत चोळले, वास घेतला. मला वाटलं आता ओरडतील.

"नमदा नसता तर?"

या प्रश्नाची भीती होती मला. मनात आलं, खोटं बोलावं. एक वाक्य. जुनी झाली होती, धातूचं असंच असतं मामंजी, वय झालं. किती सोपं होतं! पण ते माझ्याकडे ज्या तऱ्हेने बघत होते – माहीत असलेल्या माणसाकडे बघतात तसं. घरातल्या सुनेकडे नव्हे.

"नसता तर ओतेगेनकाकांच्या होडीसारखी असती. डाग पडले असते. पण धड असती."

"त्याचं खुराडं धड आहे?"

"घंटेसारखं वाजतं."

त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. हसणं होतं की काय, कळलं नाही. "आळशी माणूस," म्हणाले. "आळशी, आळशी माणूस."

मग, "तुझी सासू गुडघे सोलून निघेपर्यंत लाटत होती."

"हो."

"पहिल्यापासून खात होतं हे?"

"नाही. इतकी वर्षं काही झालं नव्हतं. नमद्याने जपलंच होतं म्हणा. पाणी परत आलं ना, हवेत ओल आली. तेव्हापासून. तीन वर्षं, फार तर चार."

त्यांनी होडीच्या नावावरून हात फिरवला. "म्हणजे तो आधी हिच्याकडे आला," म्हणाले. "रोज पहाटे येत होता. माझ्या अंगणात! आणि मी म्हातारा टेकडीवर चढून त्याला शोधतोय."

आत जाऊन दार लोटून घेतलं.

११ एप्रिल

जेवले नाहीत. दुपारी उठून अंगणातला नमदा आत ओढून आणला, त्यावरच पडून आहेत. मेरुएर्त म्हणाली, आबा, ओला आहे तो, मीठ लागेल अंगाला. म्हणाले, लागू दे.

भावजी माझ्याशी बोलत नाहीत.

१२ एप्रिल

आजही नाही. फक्त पाणी.

बरोबर केलं का मी? धातूचं खरं सांगणं सोपं आहे. तो ऐकून झुरत नाही.

१३ एप्रिल

सकाळी घरामागे आरडाओरडा. ओतेगेन कोंबड्यांना शिव्या देत होते! होडी उलटी करून झाडूने घासत होते, पिसं, माती, फुटकी अंडी. मग तडक आमच्या घरात, जोडे न काढता.

"ऊठ रे. सुनेने सांगितलं माझी होडी घंटेसारखी वाजते. ऐकायला चल."

आतून काही नाही.

"ऐकू येत नाही? बहिरा झालास की मेलास? मेलास तर सांग, खड्डा खणायला पोरं बोलवावी लागतील."

आतून आवाज, "तुझ्या खुराड्यात मी बसणार नाही."

"अंडी काढलीत."

"वास मारत असेल."

"तुझ्या नवरीचा तळ गेला, आणि नाक अजून वर! ऐक. बर्फ सुटलंय. मला एकट्याला ती वल्हवत नाही, माझा खांदा कामातून गेलाय. तू आला नाहीस तर तीही जाणार नाही आणि मीही नाही. मग बसू दोघं अंगणात, दोन म्हाताऱ्या कोंबड्या."

दार उघडलं. मामंजींच्या गालावर नमद्याचे वळ उठले होते.

"वल्ह्यांच्या खोबणी कुणी तपासल्या?" त्यांनी विचारलं. मला!

"मी तपासते," मी म्हटलं.

सूप प्यायले. अर्धी वाटी. भावजी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, मी त्यांच्या हातात टॉवेल दिला. घेतला.

१५ एप्रिल

मामंजी पहाटे आवारात आले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात शागालाच्या तळाचा एक तुकडा, कातरीने कापलेला.

"हा पण बांध तुझ्या मांडणीवर. किती टिकतो बघू."

बांधला. मॅग्नेशियमच्या शेजारी. मग त्यांनी विचारलं, तू इथे उजाडताना काय बघत असतेस? मी भिंग दिलं. कण दाखवला. त्यांना दम लागत होता, तरी वाकून बसले, एक डोळा मिटून. कोपरे बोथट झाले. चकाकी आली. मी काही सांगितलं नाही. थेंब झाला तेव्हा त्यांच्या तोंडून नुसतं "अरे!" निघालं, लहान मुलासारखं.

"कुठून आलं पाणी?"

"हवेतून. समुद्राचंच आहे."

पुन्हा वाकले. एकामागून एक कण बघत राहिले, ऊन येऊन थेंब सुकेपर्यंत. मला वाटलं, हे सगळं आपण दोघांनी मिळून जन्मभर बघायला हवं होतं.

उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. "तू किती आत गेलीयस?"

"कशात?"

"समुद्रात."

मी हसले. मी कुठे जाणार? मी या गावात आले तेव्हा तो नव्हताच. आता आला तर होड्यांवर पुरुष जातात. टेकडीवरून पाहिलाय, काठावर एकदा पाय भिजवलेत.

"एवढंच?" ते म्हणाले. "एवढ्या थेंबावर जन्म काढलास?"

१८ एप्रिल

उद्या. ओतेगेनच्या होडीला डांबर लावून झालं. खोबणी, खिळे, जोड सगळं वाजवून पाहिलं. ठण्, ठण्! मी धड आहे म्हटल्यावर मेरुएर्तने भावजींची जाड बंडी काढून ठेवली. मामंजी लवकर झोपले.

१९ एप्रिल

काठावर सगळे जमले. होडीत तिघांचीच जागा. भावजी वल्ह्यावर, ओतेगेन पुढे. मामंजींनी ओंजळ पसरून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मग त्यांनी आपला कोट काढला आणि माझ्या अंगावर टाकला.

"बस," म्हणाले.

मी, भावजी, सगळे एकदम बोलायला लागलो. बाई? आणि आबा, तुम्ही?

"मी पाहिलाय. आणि या खुराड्यात बसून मी मरावं अशी या ओतेगेनची फार इच्छा दिसते. बस, सूनबाई. वेळ जातोय."

बसले.

किती आत गेलो, माहीत नाही. काठ एक रेघ झाला, मग नव्हताच. खाली काळंनिळं पाणी, वर काही नाही.

परत आलो तेव्हा मामंजी तिथेच वाळूवर बसलेले. मासे मिळाले का, विचारलं नाही. शेजारची जागा हाताने झाडली, डोळे मिटले.

"सांग," म्हणाले.